ओळखीचे वाटलेले कुरण

मराबा शहर मागे टाकून आम्ही दक्षिणेकडे निघालो तेव्हा सकाळचे आठ वाजले असतील. ऑगस्ट महिना, म्हणजे ब्राझीलच्या पारा राज्यातला कोरडा हंगाम. आकाश भरून आल्यासारखे दिसत होते, आणि आमच्याकडच्या श्रावणाच्या सवयीने मी ते पावसाचे लक्षण समजून बसलो होतो. गाडी चालवणारा भाचा तिथल्या एका खाणीवर अभियंता आहे. तो म्हणाला, "मामा, ते ढग नाहीत, धूर आहे. काच वर घ्या, नाहीतर संध्याकाळपर्यंत घसा धरेल." मी काच वर घेतली आणि त्या करड्या उजेडात बाहेर पाहत राहिलो. पहिला तासभर मला जे वाटले, ते आज लिहिताना थोडा संकोच होतो. मला घरी आल्यासारखे वाटले.

कारण सरळ होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर पोहोचेल तिथपर्यंत गवत होते आणि गवतात पांढरी, वशिंडाची, गळ्याखाली लोंबत्या पोळीची, काळ्याभोर डोळ्यांची जनावरे चरत होती. मी पस्तीस वर्षे पशुवैद्यक म्हणून गुरांमध्ये काढली आहेत, त्यामुळे जात ओळखायला मला वेळ लागला नाही. ती ओंगोल होती. आंध्रच्या किनाऱ्यावरची ही जात ब्राझीलमध्ये नेलोरे नावाने ओळखली जाते, कारण तिचा मुलूख तेव्हाच्या नेल्लोर जिल्ह्यात मोडत असे. माझे गाव मिरज तालुक्यात, कृष्णेच्या काठी. तिथल्या चिकट काळ्या रानात नांगर ओढू शकेल असा दणकट बैल हवा म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानिकांच्या आश्रयाने 'कृष्णा व्हॅली' ही जात घडवली गेली, आणि ती घडवताना गीर, कांकरेज यांच्याबरोबर ओंगोलचे रक्तही वापरले गेले. आजोबांच्या दावणीला त्या जातीची एक जोडी होती. तेव्हा भाच्याच्या गाडीतून मला दिसत होते ते, दूरच्या नात्याने का होईना, आमच्याच गोठ्यातले गोत होते.

मग गवताकडे लक्ष गेले. एका उतारावर उंच, रुंद पात्यांचे, झुबक्याझुबक्याने वाढलेले गवत होते. ते गिनी गवत होते. पाटाच्या कडेला, बांधावर, विहिरीच्या सांडपाण्यावर लावा म्हणून मी शेकडो शेतकऱ्यांच्या मागे लागलो आहे, तेच हे. ब्राझीलमध्ये त्याला कोलोनियांव म्हणतात आणि ते मूळचे आफ्रिकेतले. गुलामांना घेऊन येणाऱ्या जहाजांत अंथरूण म्हणून ते आले, असे सांगतात. त्याच्या पलीकडे जे बुटके, दाट, जमीन झाकून टाकणारे गवत होते, ते ब्रॅकियारिया. तेही आफ्रिकेतलेच. त्याचा 'मारांडू' नावाचा वाण ब्राझीलच्या सरकारी कृषिसंशोधन संस्थेने, एम्ब्रापाने, 1984 मध्ये प्रसारित केला आणि नंतरच्या काळात तो देशाच्या कुरणांवर अक्षरशः पसरला. गुरांच्या पायाशी पांढरे गायबगळे टोळ वेचत होते. हा पक्षी तर कोणी आणलाही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो आफ्रिकेहून स्वतःच अटलांटिक ओलांडून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर पोहोचला, आणि ब्राझीलमध्ये त्याची नोंद 1960च्या दशकात झाली. जंगलात त्याला काही काम नव्हते. जंगल गेले, गुरे आली, तसा तोही आला.

हा हिशेब मनात मांडता मांडता माझे घरी आल्याचे सुख ओसरत गेले. समोरच्या चित्रातली गाय भारतातली होती, गवत आफ्रिकेतले होते आणि बगळा पाहुणा होता. कुंपणाची तार आणि डांबर तर कुठलेही असू शकते. त्या चित्रात खरोखर तिथले असे दोनच जीव दिसत होते: एक बाबासू नावाचा ताड, आणि मैल-मैल अंतरावर एकेकटे उभे असलेले, कुरणाच्या प्रमाणात न बसणारे, खांबासारखे सरळ उंच वृक्ष.

ते वृक्ष कस्तान्येइराचे. आपण सुक्या मेव्याच्या दुकानात ज्याला ब्राझील नट म्हणतो, त्याचे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराबा हे गावच या बियांच्या व्यापारावर उभे होते. पावसाळ्यात माणसे जंगलात शिरून खाली पडलेली फळे गोळा करत, कोयत्याने फोडत आणि बिया होडीतून तोकान्चिन्स नदीने बेलें बंदराकडे जात. मालकांनी आडत्यासारखी उचल देऊन या माणसांना कर्जात बुडवून ठेवले होते, त्यामुळे तो काळ सुखाचा होता असे मी म्हणणार नाही. परंतु त्या अर्थव्यवस्थेला जंगल उभे असणे आवश्यक होते.

ही गरज संपली ती रस्त्याने. 1960 मध्ये बेलें ते ब्राझिलिया हा महामार्ग खुला झाला आणि तोवर केवळ नदीने पोहोचता येणारा पूर्व ॲमेझॉनचा सखल प्रदेश ट्रकच्या टप्प्यात आला. 1964 मध्ये लष्कराने सत्ता घेतली. या विस्तीर्ण रिकाम्या वाटणाऱ्या भूभागावर आपली माणसे आणि आपला माल बसवला नाही तर तो परक्यांच्या हाती जाईल, अशी त्या राजवटीची धारणा होती. (तो रिकामा नव्हता, तिथे आदिवासी होते, रबर आणि बिया गोळा करणारे होते, पण नकाशावर ते दिसत नव्हते.) 1966 मध्ये ॲमेझॉनच्या विकासासाठी 'सुदाम' नावाची सरकारी यंत्रणा निघाली आणि तिने दक्षिणेकडच्या कंपन्यांना एक सवलत दिली: भरायच्या प्राप्तिकरापैकी निम्म्यापर्यंत रक्कम सरकारी तिजोरीत भरण्याऐवजी ॲमेझॉनमधल्या मंजूर प्रकल्पात गुंतवा. मंजूर होणारा सर्वांत सोपा प्रकल्प म्हणजे गुरांचे कुरण. ज्यांनी आयुष्यात गायीची धार काढली नव्हती असे बँकवाले आणि विमावाले एकाएकी पशुपालक झाले. मोटारी बनवणाऱ्या फोक्सवागनने 1970च्या दशकात याच राज्याच्या दक्षिण टोकाला, सांताना दो आराग्वाया इथे, सुमारे 1,40,000 हेक्टरचे कुरण उभारायला घेतले. त्या शेतावर कंत्राटदारांमार्फत आणलेल्या मजुरांना गुलामासारखे राबवल्याबद्दल ब्राझीलच्या कामगार न्यायालयाने 2025 मध्ये, म्हणजे जवळजवळ अर्ध्या शतकानंतर, कंपनीला 16.5 कोटी रेआल (ब्राझीलचे चलन) भरायचा आदेश दिला.

गाय या कथेत कुठे बसते, हे मला समजायला वेळ लागला, कारण माझी विचार करण्याची पद्धत व्यवसायाने ठरलेली आहे. दर हेक्टरी किती मांस, किती दूध, किती वासरे, असे मी पाहतो. त्या हिशेबाने ही कुरणे मला अत्यंत निकृष्ट वाटली: एका हेक्टरवर कसेबसे एक जनावर, ना चारा कापणे, ना खत. आमच्याकडे असा गोठा असता तर मी मालकाला चार शब्द सुनावले असते. मी तसे भाच्याला बोललोही. त्यावर तो हसला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही गायीकडे गाय म्हणून पाहताय. तिच्याकडे सातबारा म्हणून पाहा."

ही उपमा त्याला सहज सुचली असेल, पण तिच्यापेक्षा नेमके स्पष्टीकरण मला नंतर कुठल्याही अहवालात सापडले नाही. पूर्व ॲमेझॉनच्या मोठ्या भागात जमिनीची मालकी कागदावर कधीच स्वच्छ नव्हती. सरकारी जमिनीवर जो जंगल तोडून वहिवाट करील, त्याचा हक्क पुढेमागे मान्य होत गेला, आणि वहिवाट दाखवायचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे गवत आणि गुरे. भाताला दरवर्षी मजूर लागतात, कोकोला सावली आणि वर्षे लागतात; गुरांना तार आणि एक घोडेस्वार गुराखी पुरतो, शिवाय विकायचे ठरले तर ती आपल्या पायांनी बाजाराला चालत जातात. आपल्याकडे तलाठी पीकपाहणीला येतो तेव्हा रान पडीक दिसू नये म्हणून जशी धावपळ होते, तिचेच हे राक्षसी रूप. तिकडे पडीक म्हणजे जंगल. तोडलेल्या जमिनीला उभ्या जंगलाच्या जमिनीपेक्षा कितीतरी अधिक भाव येतो, म्हणून तोडणारा पुष्कळदा गुरे पाळून नव्हे तर ती जमीन पुढच्याला विकून पैसा करतो आणि आणखी आत सरकतो.

बनावट कागदांनी जमीन बळकावण्याला तिथे 'ग्रिलाजें' असा शब्द आहे, आणि तो 'ग्रिलो' म्हणजे रातकिडा या शब्दावरून आला. नवा खोटा दस्त रातकिड्यांबरोबर पेटीत कोंडून ठेवायचा. किडे त्याला कुरतडतात, घाण करतात, आणि काही आठवड्यांत तो आजोबांच्या काळातला दिसू लागतो. हे ऐकून मला हसू आले आणि मग आपल्याकडचे दोन-चार फेरफार आठवून ते मावळले.

तोडण्याची रीत ठरलेली आहे. आधी रस्त्याच्या शेंड्याशी लाकूडवाले शिरतात आणि मोलाची झाडे काढतात. या पट्ट्यात ते प्रामुख्याने मॅहोगनी होते. पाऊस थांबला की खालची झाडी आणि उरलेले वृक्ष आडवे करायचे, दोन-तीन महिने उन्हात वाळू द्यायचे आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काडी लावायची. मला दिसलेला तो 'ढग' म्हणजे हेच. कोकणात राब भाजतात त्याच्याशी हे वरवर सारखे दिसते, पण राब हा वाफ्यापुरता असतो. पहिल्या पावसाबरोबर राखेत गवताचे बी टाकतात, मोठ्या शेतांवर विमानातून. ॲमेझॉनच्या या जमिनींत पोषणाचा साठा मातीत थोडा आणि झाडांच्या शरीरात फार, त्यामुळे राखेच्या जोरावर पहिली काही वर्षे गवत असे माजते की नवखा माणूस जमिनीला सुपीक समजतो. मग स्फुरद सरते, माती दबते, मारांडू गवत पाणी साचणाऱ्या जागी मरू लागते आणि काटेरी झुडपे डोके वर काढतात. या झुडपी रानाला तिथे 'झुकीरा' म्हणतात. झुकीरा कापणे हे तिथल्या भूमिहीन मजुराचे काम, आणि ते परवडेनासे झाले की पुन्हा आग. कधी मालक ती जमीन सोडूनच देतो. बाबासू ताड मात्र या आगीत टिकतो, कारण त्याच्या रोपाचा वाढीचा कोंब बराच काळ जमिनीखालीच राहतो. जितक्या आगी जास्त, तितके बाबासू जास्त. कुरणातली ताडांची गर्दी पाहून किती वेळा आग लागली असेल याचा अंदाज बांधता येतो, हे कळल्यावर मी उरलेल्या वाटेवर ताडच पाहत राहिलो.

या साऱ्यात आमच्या जनावराचा वाटा किती? हा प्रश्न मला सोडत नव्हता. युरोपातून आणलेली गुरे या उष्ण, दमट सखल प्रदेशात तग धरत नव्हती. गोचिडांनी आणि उष्म्याने ती खंगत. भारतीय गायीची सैल कातडी, आखूड गुळगुळीत केस, घाम गाळण्याची क्षमता, गोचिडांना दाद न देणारे अंग आणि निकृष्ट चाऱ्यावर जगण्याची चिकाटी हे सारे गुण मी व्याख्यानांत कौतुकाने सांगत आलो आहे. 1878 मध्ये रिओ प्रांतातल्या एका मळेवाल्याने हॅम्बुर्गच्या प्राणिसंग्रहालयातून ओंगोलची एक जोडी विकत घेतली. पुढे मिनास जेराइस राज्यातल्या उबेराबा गावचे व्यापारी थेट भारतात येऊन जनावरे नेऊ लागले. शेवटची मोठी आयात 1960च्या दशकाच्या सुरुवातीला झाली. त्यात ओंगोलजवळच्या गावाचे नाव धारण करणारा 'कारवडी' हा वळू होता, ज्याचा वंश आज लाखोंनी मोजतात. साऱ्या आयातींची बेरीज काही हजार जनावरांपलीकडे जात नाही. 2023 मध्ये ब्राझीलमधली गुरे तेवीस कोटींच्या वर होती, माणसे वीस कोटींच्या आसपास, आणि त्या गुरांपैकी बहुतेकांच्या अंगात भारतीय रक्त आहे. आम्ही चाललो होतो त्याच्या पश्चिमेला सांव फेलिस दो शिंगू नावाचा एकच तालुका आहे, तिथे पासष्ट हजार माणसे आणि पंचवीस लाख गुरे आहेत. गायीने जंगल तोडले नाही, हे खरे. पण इतके काटक, इतके स्वस्तात जगणारे जनावर हाताशी नसते तर वहिवाटीचा हा धंदा इतका आत पोहोचला असता का, याचे उत्तर मला माझ्या बाजूने देता येत नाही.

मध्य ॲमेझॉनमधल्या मनौस शहराच्या उत्तरेला या कहाणीतून एक विलक्षण प्रयोग निपजला. 1979 मध्ये तिथेही करसवलतीची कुरणे होऊ घातली होती आणि कायद्याने काही जंगल राखणे बंधनकारक होते. टॉमस लव्हजॉय या जीवशास्त्रज्ञाने मालकांना गळ घातली की राखायचेच आहे, तर ठरावीक आकाराचे तुकडे राखा. अशा रीतीने 1, 10 आणि 100 हेक्टरचे एकूण अकरा तुकडे कुरणात बेटांसारखे उरले आणि त्यांचा अभ्यास अजून चालू आहे. तुकड्यांच्या कडांना ऊन आणि वारा आतपर्यंत शिरतो, मोठे वृक्ष आधी पडतात. लष्करी मुंग्यांच्या मागे फिरणारे पक्षी लहान तुकड्यांतून लवकरच नाहीसे झाले. शंभर हेक्टर म्हणजे आमच्या गावाच्या अर्ध्या शिवाराएवढे रान; तेवढ्या तुकड्यातूनही जंगलाच्या तळाशी राहणाऱ्या पक्ष्यांच्या निम्म्या जाती पंधरा वर्षांच्या आत जातात, असा निष्कर्ष निघाला. पुष्कळ पक्षी शंभर मीटरचे मोकळे गवतसुद्धा ओलांडत नाहीत. सवलती आटल्यावर तिथली बहुतेक कुरणे सोडून दिली गेली आणि रान परतू लागले, पण जिथे नुसती तोड झाली होती तिथे एक प्रकारचे आणि जिथे वारंवार जाळले होते तिथे अगदी वेगळे, खुरटे आणि एकसुरी.

माझ्या पेशाला लागून असलेली एक गोष्ट मात्र पारागोमिनासची. बेलें-ब्राझिलिया रस्त्यावरचे हे गाव कुरणांच्या पहिल्या लाटेतले. तिथे संशोधकांनी खोल खड्डे खणले आणि 1994 मध्ये प्रसिद्ध केले की जंगलाची मुळे आठ मीटरच्याही खाली जाऊन पाणी ओढतात, म्हणून पाच-पाच महिने पाऊस नसतानाही ते हिरवे राहते आणि हवेत वाफ सोडत राहते. गवताला ते जमत नाही; ते वाळते. ॲमेझॉनचा सुमारे निम्मा पाऊस जंगलानेच वर सोडलेल्या पाण्याचा असतो, हे 1970च्या दशकापासून माहीत आहे. म्हणजे रस्त्याकडेचे ते पिवळे माळ नुसते उन्हाने पिवळे झालेले नव्हते.

कायदे कडक आहेत. ॲमेझॉनच्या जंगलात खासगी जमिनीचा 80 टक्के भाग राखला पाहिजे. उपग्रहावरून तोड मोजली जाते: 2004 मध्ये ती वर्षाला 27,772 चौरस किलोमीटर होती, 2012 मध्ये 4,571वर आली, 2021 मध्ये पुन्हा 13,038वर गेली, 2024 मध्ये 6,288. सरकार बदलते तसा आकडा हलतो. मोठे कत्तलखाने 2009 पासून अवैध तोडीच्या जमिनीवरची गुरे न घेण्याच्या करारांनी बांधलेले आहेत, परंतु ते तपासतात तो शेवटचा गोठा. वासरू जन्मते एका ठिकाणी, वाढते दुसऱ्या ठिकाणी आणि पुष्ट होते तिसऱ्या ठिकाणी. पहिले ठिकाण बेकायदा असले तरी तिसऱ्याचा दाखला स्वच्छ निघतो. कानातला बिल्ला हा यावर उपाय म्हणून सुचवला गेला आहे. मी नोकरीत हजारो बिल्ले मारले आहेत, आणि बिल्ला कसा पडतो व कसा बदलतो हेही मला ठाऊक आहे.

एल्दोरादो दोस काराजासच्या जवळ रस्ता इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो. 17 एप्रिल 1996 रोजी जमिनीच्या मागणीसाठी मोर्चाने निघालेल्या भूमिहीनांवर इथे लष्करी पोलिसांनी गोळीबार केला आणि 19 माणसे मारली. त्यांचे स्मारक म्हणून कस्तान्येइराचे 19 जळके बुंधे तिथे उभे केलेले आहेत. आम्ही उतरलो, उभे राहिलो. बोलण्यासारखे काही नव्हते.

त्यापुढे तासाभराने उन्हाची तिरीप इतकी वाढली की भाच्याने एका कुंपणाशी गाडी थांबवली. आत कुरणात एक जिवंत कस्तान्येइरा उभा होता, निदान चाळीस मीटर उंच, पहिली फांदी आमच्या वाड्याच्या माडीपेक्षा कितीतरी वर. हा वृक्ष तोडण्यास मनाई आहे, म्हणून सारे जंगल जाऊन तो तेवढा राहिलेला. सावलीत पंधरा-वीस गायी रवंथ करत बसल्या होत्या, आणि खोडाला टेकून एक वयस्कर गुराखी, घोडा शेजारी. भाच्याने त्याला परवानगी विचारली आणि माझी ओळख करून दिली. भारतातले जनावरांचे डॉक्टर, हे कळल्यावर म्हाताऱ्याने टोपी काढली आणि विचारले की नेलोरे तुमच्याकडचा, हे खरे का? मी होय म्हणालो. मग त्याने विचारले, तुमच्याकडे एका बैलामागे किती जमीन असते? मी सांगितले की माझ्या आजोबांची चार एकर होती आणि ती कसायची म्हणून त्यांनी दोन बैल बाळगले. भाच्याला हे दोनदा समजावून सांगावे लागले, कारण प्रश्नातला क्रम उत्तरात उलटा झाला होता.

म्हातारा लहानपणी बापाबरोबर याच परिसरात बिया वेचायला येत असे. या झाडाचे फळ नारळाएवढे, दोन किलोपर्यंत वजनाचे, पिकायला वर्षाहून अधिक काळ घेणारे. ते जमिनीवर पडले की 'कुचिया' नावाचा सशाएवढा प्राणी तेवढा आपल्या दातांनी ते फोडू शकतो. तो काही बिया खातो, काही पुरतो आणि विसरतो, त्यांची झाडे होतात. फुलाचे झाकण उचलून आत शिरायला मोठ्या अंगाच्या रानटी मधमाश्या लागतात. माश्यांना जंगल लागते. त्याच्या बापाने त्याला एकच नियम शिकवला होता: पावसाळ्यात, वारा सुटला असताना, कस्तान्येइराखाली कधीही थांबायचे नाही, कारण वरून सुटलेल्या फळाने माणसाची कवटी फुटते. त्याच्या ओळखीतला एक जण तसा गेलाही होता.

मी नकळत वर पाहिले आणि एक पाऊल बाजूला सरकलो. म्हातारा हसला, आणि शेजारची जागा तळहाताने झाडून त्याने मला बसायची खूण केली. इथे बसा, तो म्हणाला, या झाडाखाली बारा महिने बसता येते.